चिंधीची डबी

१

जुनी ठासणीची बंदूक घरात आली की आम्ही जमवणारे लोक आधी तिची नक्षी बघत नाही. आधी गज टाकून बघतो. नळीच्या तोंडातून गज आत सोडायचा, तो जिथे थांबेल तिथे चिमटीत धरायचा, मग बाहेर काढून नळीला बाहेरून लावायचा. टोक मागे चापाजवळच्या भोकापर्यंत पोचलं तर बंदूक रिकामी. दोन बोटं अलीकडे राहिलं तर आत दारू-गोळी तशीच आहे, मग ती आपल्या खापरपणजोबाने का भरलेली असेना. आवाजावरूनही कळतं. रिकाम्या नळीत गज टण्णकन वाजतो, भरलेल्या नळीत ठप्प होतो.

लव्हायना शुल्ट्झच्या शेतावरच्या लिलावातून मी जी बंदूक आणली, तिच्यात गज ठप्प झाला.

"भरलेली आहे, लेका!" टायटस हाइमबाख खुर्ची मागे सरकवत म्हणाला. "म्हातारीने तुझ्यासारख्या गिऱ्हाइकासाठीच ठेवली असणार."

टायटस माझा शेजारी. गाई-म्हशीतला माणूस, म्हणजे आमच्याकडे नुसत्या गाईच, आणि बंदुकांचं वेड माझ्याइतकंच. आमच्या बर्क्स काउंटीत, म्हणजे आमच्या जिल्ह्यात, हे वेड नसलेलं घर शोधावं लागतं.

"माझ्या स्वयंपाकघरात दारू सांडलीत तर दोघांना कोंबड्यांत बसवून जेवायला घालीन," माझी बायको ऑर्फा चुलीकडून म्हणाली. तिने मान वर करूनही बघितलं नाही. तिला सवय आहे.

बंदूक मात्र अशी होती की मला लिलावात श्वास धरून बसावं लागलं होतं. माझ्या हनुवटीपर्यंत येईल एवढी लांब. मेपलच्या लाकडावर वाघाच्या अंगासारखे पट्टे. गालाच्या बाजूला चांदीचा आठ टोकांचा तारा, पुढे चांदीची मासोळी. आणि दस्त्यात पितळी झाकणाची डबी. गोळीला गुंडाळायच्या चरबी लावलेल्या चिंध्या या डबीत ठेवायच्या, म्हणून ती चिंधीची डबी. झाकणावर ट्यूलिपच्या फांदीवर बसलेला पक्षी कोरलेला. मी असे पक्षी पुष्कळ पाहिले आहेत, ते सगळे नळीकडे तोंड करून असतात. हा मान वळवून मागे, नेम धरणाऱ्याकडे बघत होता.

मी गजाला मळसूत्र लावलं आणि आतला ऐवज ओढून काढला. भरलेली बंदूक भिंतीवर टांगायची नाही, हा आमच्यातला पहिला धडा. आधी गोळी आली, तिला बिलगलेली जाड तपकिरी लोकरीची चिंधी, मग दारूची ढेकळं. दारू दगड झाली होती. चिंधी मात्र मऊ होती, आजच चरबी चोळल्यासारखी. मला ते खटकलं, पण खटकलेलं सगळंच माणूस मनात ठेवतो असं नाही. मी ती चिंधी चुलीत टाकली. टायटसने हात आपल्या लाल चौकडीच्या रुमालाला पुसले.

दस्त्याच्या टाचेत एक छुपी कळ होती. ती दाबल्यावर पितळी झाकण टपकन उघडलं. डबी रिकामी होती. चाप ओढला की पडणाऱ्या घोड्याच्या तोंडातली ठिणगीची चकमक मी काढून खिळ्यांच्या डब्यात टाकली आणि बंदूक मागच्या खोलीत खिडकीवरच्या खुंट्यांवर ठेवली.

२

काही दिवसांनी पितळ पुसायला घेतलं आणि कळ दाबून बघितली. उगाच, चाळा म्हणून. झाकण उघडलं.

आत एक गोल चिंधी होती, नाण्याएवढी. लाल चौकडीची. बोट लावलं तर ताजी चरबी लागली.

मला हसूच आलं. टायटसला खोड्या काढायची हौस भारी. एकदा त्याने माझ्या बंदुकीच्या नळीत भाजलेलं सॉसेज कोंबलं होतं आणि मी बंदूक साफ करायला घेतल्यावर कुत्रा माझ्या अंगावर चढला होता. दुसऱ्या दिवशी तो अंडी घेऊन आला तेव्हा मी म्हटलं, "म्हातारपणी तरी सुधार. एवढा चांगला रुमाल फाडलास."

त्याने डोळे बारीक केले, कोटाच्या खिशातून रुमाल काढला आणि माझ्यासमोर धरला. मधोमध गोल भोक होतं, अगदी नीट कापलेलं. त्यातून मला त्याचा एक डोळा दिसला.

"चोर तो चोर आणि वर शिरजोर!" तो म्हणाला. "चर्चमध्ये कोट टांगला होता तेव्हा कापलास ना? व्हर्नाने मला झापलं. म्हणाली, गाईने खाल्ला का?"

"मी नाही कापला."

"मग मी कापला?"

दोघंही हसलो. समोरचा खोटं बोलतोय अशी दोघांची खात्री होती. त्याने जाताना कोंबड्यांकडे बघून त्यांना माझ्याबद्दल काहीतरी सांगितलं. मला त्याचा हसरा आवाज अजून ऐकू येतो.

३

तो गेल्यावर मी डबी उघडली. ती रिकामी होती.

मग गज टाकला. खरं तर का टाकला ते सांगता येत नाही. हात सवयीने गेला. गज ठप्प झाला.

आता मात्र मला राग आला. थट्टा ती थट्टा, पण घरात बंदूक भरून ठेवायची म्हणजे काय! तरी मनाला बजावलं की चकमक खिळ्यांच्या डब्यात आहे, भोकाजवळच्या वाटीत रंजकाची, म्हणजे पेटवायच्या दारूची, चिमूट नाही, म्हणजे ही बंदूक म्हणजे नुसती काठी. ऑर्फा जेवायला हाका मारत होती. जेवून मग गोळी ओढून काढू आणि टायटसच्या नावाने शंख करू, असं ठरवलं.

डुकराचं मांस आणि आंबवलेली कोबी होती. पहिलाच घास घेतला असेल, तोच मागच्या खोलीतून आवाज आला.

खट्.

फार मोठा नव्हता. दाराची कडी पडावी एवढाच. ऑर्फा म्हणाली, "उंदराचा सापळा असेल." मी उठून गेलो. बंदूक खुंट्यांवर होती. घोडा पडलेला होता. खोलीत धूर नव्हता, पण गंधकाचा वास मला नक्की आला. गज टाकला तर तो टण्णकन वाजला, थेट तळाशी.

मी जेवायला परत बसलो तोवर फोन वाजला. टायटसची बायको व्हर्ना होती. टायटस गोठ्यात दूध काढायच्या यंत्राशी वाकला होता आणि तसाच पुढे पडला होता.

डॉक्टर म्हणाले हृदय. टायटसचं हृदय वाईट होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. सत्तरी उलटलेली, रोज तीन अंडी आणि चरबीत तळलेले बटाटे. मी स्वतःला हेच सांगत राहिलो. चर्चमध्ये बसल्यावरही हेच सांगत होतो, आणि समोर व्हर्नाच्या हातात तो लाल रुमाल होता. ती त्यानेच डोळे पुसत होती.

४

मयताला आमच्याकडे मनुकांचा पाय, म्हणजे कणकेच्या कवचात सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, करतात. ऑर्फाने टायटससाठी सहा केले. परत आल्यावर तिने एप्रन काढायला हात मागे नेला आणि तशीच थांबली.

"विल्मर, इकडे ये."

तिचा एप्रन निळा, त्यावर पांढरी बारीक फुलं. तिच्या बहिणीने शिवलेला. कमरेखाली, शिवणीजवळ, नाण्याएवढं गोल भोक होतं.

माझी पाचावर धारण बसली. ते माझ्या तोंडावर दिसलं, आणि तेच वाईट झालं.

"तू कापलंस?"

"नाही गं."

"मग तोंड असं का केलंस?" तिने मला खाली बसवलं. आवाज खाली आणला. "तुझ्या बाबांनी शेवटी शेवटी पडदे कापले होते, आठवतं ना? सगळे एकसारखे चौकोन. विचारलं तर म्हणायचे, मी नाही. विल्मर, मी चिडत नाहीये. फक्त खरं सांग. आपण दाखवून येऊ कुणाला तरी."

मी माझे हात बघितले. नखांत चरबी होती. पण बंदुका जमवणाऱ्याच्या नखांत चरबी नेहमीच असते. कात्री माझ्या कामाच्या बाकावर होती, पण तिची जागाच ती. मी रात्री उठतो का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "तू? घर पेटलं तरी उठायचा नाहीस."

माझं डोकं फिरलं असेल तर बरंच, असं मला त्या क्षणी वाटलं. माणूस डोकं फिरण्याची इच्छा करतो, ही काय वेळ आली! पण डोकं फिरलं असेल तर टायटस आपल्या हृदयाने मेला आणि ऑर्फाला धोका नाही. एवढंच मला हवं होतं.

डबीत निळी, पांढऱ्या फुलांची चिंधी होती. ती मी चुलीत जाळली. दुसऱ्या दिवशी एप्रनला दुसरं भोक होतं आणि गज ठप्प झाला.

मळसूत्र लावून ती गोळी ओढली. संध्याकाळपर्यंत नळी पुन्हा भरली होती. नळी कापून टाकावी, भट्टीत वितळवावी असंही मनात आलं. पण आत ऑर्फाची चिंधी असताना तिच्यावर हातोडा मारायची माझी छाती झाली नाही.

५

लव्हायना शुल्ट्झ आता चर्चच्या वृद्धाश्रमात राहते. नव्वदीची आहे, पण कान शाबूत. खिडकीशी बसून ती वाटाणे सोलत होती. तिथल्या बायका तिला मुद्दाम काम देतात, नाहीतर ती त्यांना काम सांगते.

"किसलरचा पोरगा ना तू?" माझं वय सदुसष्ट आहे. "माझी बंदूक तू नेलीस. चांगली आहे?"

"लव्हायनाबाई, तुम्हाला एक विचारायचं होतं. ती भरलेली होती."

तिचे हात थांबले. "होती?"

"म्हणजे मी रिकामी केली. सगळेच करतात. भरलेली बंदूक टांगायची नसते."

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग हातातली शेंग परत टोपलीत टाकली.

"भांड्यांबद्दल मला विचारलं," ती म्हणाली. "कपबशांबद्दल विचारलं. गोधड्या कुणी शिवल्या तेसुद्धा विचारलं. बंदुकीबद्दल एकाने विचारलं नाही. सगळे शहाणे."

"आत तपकिरी लोकर होती."

"सलोमीआत्याची शाल. तिला ताप होता. बंदुकीच्या आधी तापानेच नेली. बाप म्हणाला, आता या बंदुकीला हात लावू नका. जिच्यासाठी भरली ती गेली, आता ही भरलेलीच बरी." तिने मान पुढे केली. "ती चिंधी कुठाय? ती परत घाल."

मी टोपलीतल्या शेंगांकडे बघितलं.

"कुठाय रे?"

"चुलीत टाकली."

तिने डोळे मिटले. मी आणखी दोन-तीन प्रश्न विचारले, कोण भरतं, का भरतं, आधी कोण होतं. ती एवढंच म्हणाली, "आता कोणाची आहे आत?"

"माझ्या बायकोची."

"बाई चांगली आहे का?"

"हो."

"मग घरी जा. इथे काय बसलास?"

६

घरी आलो ते मागच्या बाजूने, अंगणातून. दुपारचं स्वच्छ ऊन होतं. शेतापलीकडे कुणीतरी हरणावर बार काढले, या दिवसांत निघतातच. मागच्या खोलीच्या खिडकीजवळून जाताना मला आतून आवाज आला.

ठप्प. ठप्प. ठप्प.

गोळी तळाशी बसवताना गज असा तीनदा ठासतात. मी खिडकीकडे बघितलं. काचेवर ऊन होतं, आतलं नीट दिसत नव्हतं. खुंट्या दिसल्या. त्या मोकळ्या होत्या. आणि त्यांच्या खाली एक हात वर गेला आणि खाली आला. बाही कोपरापर्यंत सारलेली होती. घाईत नव्हता तो हात. रोजचं काम करणाऱ्या माणसाचा असतो तसा.

"ऑर्फा!" मी ओरडलो.

"काय आहे?" ती माझ्या पाठीमागून म्हणाली. कपडे वाळत घालत होती, तोंडात चिमटा.

मी आत धावलो. बंदूक खुंट्यांवर होती. गज आपल्या जागी, नळीखाली. तो हातात घेतला तर कोमट लागला. पितळेवरचा पक्षी माझ्याकडे बघत होता, पण तो कोणाकडेही असाच बघतो, असं मी स्वतःला समजावलं.

मग मी माळ्यावरून बाबांचा जुना कोट काढला. मेलेल्या माणसाची चिंधी चालत असेल तर चालेल, असा हिशेब. ऑर्फाची गोळी ओढली, बाबांच्या कोटाची चिंधी चरबीत बुडवून ठासली. काम नीट झालं. सकाळी डबी उघडली तर बाबांची चिंधी आत व्यवस्थित घडी घालून ठेवलेली होती, नको असलेली वस्तू परत करतात तशी. आणि नळीतून मी ओढून काढली ती निळी, पांढऱ्या फुलांची होती.

मेलेलं तिला चालत नव्हतं.

एवढं कळल्यावर पुढचं अवघड नव्हतं. कपाटातून मी माझा रविवारचा शर्ट काढला. तो ऑर्फाने माझ्या साठीला शिवला होता, कॉलरची दोन्ही टोकं सारखी आली नाहीत म्हणून आम्ही किती हसलो होतो. पोटापाशी एक गोल कापला. चरबी लावली. दारू ओतली, गोळी गुंडाळली, गज तीनदा ठासला. इतक्या बंदुका जमवल्या, पण भरलेली बंदूक मी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने टांगली.

सकाळी डबी रिकामी होती. गज टाकला. ठप्प, दोन बोटं अलीकडे. काहीच परत केलं नव्हतं. ऑर्फाचा एप्रन दाराआड लटकत होता, जुनी भोकं तेवढी, नवं एकही नाही. मला इतका आनंद झाला की मी खाली बसून रडलो. मी भित्रा माणूस आहे, डॉक्टरच्या सुईलाही भितो, पण त्या सकाळी मला फक्त आनंद झाला होता.

७

ऑर्फा इस्त्री करत होती. तिला शर्ट सापडणारच होता. तिने तो टेबलावर पसरला आणि माझ्याकडे बघितलं.

मग मी सगळं सांगितलं. रुमाल, खट्, व्हर्नाचा फोन, म्हातारी, बाबांचा कोट. तिने मधेच एकदाही हटकलं नाही. डॉक्टरचं नाव काढलं नाही. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मी तुला फोडणार होते खरं तर. चांगला शर्ट होता." आणि इस्त्री पुन्हा तापायला ठेवली.

दुपारी ती मागच्या खोलीत गेलेली मी पाहिली. केर काढायला जाते, मी लक्ष दिलं नाही. काही वेळाने बाहेर आली, हात साबणाने धुतले, दोनदा धुतले आणि टेबलावरचा काकवीचा गोड पाय कापायला घेतला.

केर काढून कुणी दोनदा हात धूत नाही. मी आत गेलो आणि गज टाकला.

तो चार बोटं अलीकडे थांबला.

बाकावर कात्री होती, तिच्या पात्यांना चरबी. चरबीच्या वाटीत बोटाचा ठसा. मी नळीच्या तोंडाला डोळा लावला, पण आत अंधारच होता. मळसूत्र लावून ओढावं तर वरची आधी येणार, आणि वरची कोणती ते मला बघायचं नव्हतं. बंदुकीने तिची पुन्हा उचलली असेल, किंवा...

मी स्वयंपाकघरात आलो. ऑर्फा पाठमोरी होती. तिच्या नव्या झग्याला, उजव्या बगलेखाली, गोल भोक होतं. ओबडधोबड कापलेलं. ऑर्फाला गोल कधीच नीट कापता येत नाही, तिच्या बिस्किटांवरूनही कळतं.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"लग्नाला एवढी वर्षं झाली, तू एकट्याने एक तरी गोष्ट धड केली आहेस का?" तिने पायचा तुकडा बशीत घालून माझ्यासमोर ठेवला. मग बसली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज कापला. "विल्मर, तुला बंदुकांतलं कळतं. दोन्ही एकदमच सुटतील ना?"

मी विचार केला. खालची दारू पेटली की वरचं सगळंच बाहेर जातं. जुन्या बंदुका ओळखणाऱ्या कुणालाही हे ठाऊक आहे.

"एकदमच," मी म्हटलं.

"मग खा. गार होतंय."

हरणांचा हंगाम संपला, आता बर्फ पडलं आहे. बंदूक खुंट्यांवर आहे. मी तिच्यात गज टाकत नाही, पितळही पुसत नाही. चकमक अजून खिळ्यांच्या डब्यात आहे, एवढं मात्र रोज बघतो. जेवताना आम्ही आता समोरासमोर बसत नाही, एकाच बाकावर शेजारी बसतो, आणि रेडिओ लावत नाही. थंडीने घरातलं एखादं लाकूड तडकतं, खट् होतं. दोघांचेही चमचे थांबतात. आम्ही एकमेकांकडे बघतो, दोघंही आहोत हे बघतो, आणि मग ऑर्फा मला मीठ पुढे करते.